‘गळती’ नावाचे खाते
(दादर येथील एका ग्रंथालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

३१ जुलै २०२४ रोजी रात्री पावणेबारा वाजता मी माझ्या शेवटच्या अशिलाचे आयकर विवरणपत्र भरून पूर्ण केले, संगणक बंद केला आणि झोपायला गेले. माझे स्वतःचे विवरणपत्र भरायचे राहिले होते. मी ते विसरले होते असे म्हणता येणार नाही, कारण त्या दिवशी ते मला निदान चार वेळा आठवले होते. एकदा जेवताना, एकदा ठाणे लोकलमध्ये आणि दोनदा दुसऱ्यांची विवरणपत्रे भरत असताना. दुसऱ्या दिवशी सकाळी हे यजमानांना सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “अगं, तू? तूच राहिलीस?”

माझा व्यवसायच करसल्ल्याचा असल्यामुळे त्या चुकीची किंमत मला पैशापर्यंत मोजता येते. त्या वेळच्या आयकर कायद्याच्या कलम २३४एफनुसार पाच लाखांहून अधिक उत्पन्न असलेल्याने मुदतीनंतर विवरणपत्र भरले तर ५,००० रुपये विलंब शुल्क पडत असे, आणि मला सरकारकडून परतावाच यायचा होता ही गोष्ट त्याच्या आड येत नव्हती. त्याहून मोठा असलेला फटका मात्र वरवर दिसत नाही. त्या वर्षापासून, काही निवडले नाही तर नवी करप्रणालीच धरली जाऊ लागली होती आणि जुनी निवडायची असेल तर विवरणपत्र मुदतीतच भरणे आवश्यक झाले होते. मुदत चुकली आणि भविष्य निर्वाह निधीपासून आरोग्यविम्याच्या हप्त्यापर्यंत ज्या वजावटी मी वर्षभर जपून ठेवल्या होत्या, त्या नव्या प्रणालीत मिळत नसल्याने एका रात्रीत निरुपयोगी झाल्या. अशिलांना मी हाच नियम जून महिन्यापासून समजावून सांगत होते.

माझ्या एडीएचडीचे, म्हणजे अवधानाची कमतरता आणि अतिचंचलता या विकाराचे, निदान त्याच्या दोन वर्षे आधी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी झाले. मुलाच्या तपासणीसाठी गेलो असताना डॉक्टर त्याच्याविषयी जे प्रश्न विचारत होते, त्यांची उत्तरे मी माझ्याविषयी देत आहे हे माझ्या लक्षात आले. मोठ्या वयात असे निदान होणे हे काही अपूर्व नाही. जगभरातील प्रौढांत हे प्रमाण सुमारे अडीच टक्के मानले जाते, आणि लक्षणे बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली असावीत हा निकष असला तरी त्या वयात ती कोणी ओळखलीच असतील असे नाही. आमच्या घरी त्याला धांदरटपणा म्हणत. “लक्ष कुठे असतं तुझं?” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचे उत्तर द्यायचे असते हेच माझ्या ध्यानात राहिले नव्हते.

निदानानंतर मी हिशेबनीसाला साजेसे एक काम केले. एप्रिल २०२४ पासून वर्षभरासाठी वहीत ‘गळती’ या नावाचे एक खाते उघडले आणि जो पैसा केवळ या विकारामुळे गेला तो त्यात लिहीत गेले. या खर्चाला इंग्रजीत ‘एडीएचडी टॅक्स’ म्हणतात, पण करसल्लागार म्हणून मला तो शब्द पटत नाही; कर भरला की निदान पावती मिळते.

त्या वहीतील पहिली नोंद ६४० रुपयांच्या क्रेडिट कार्ड बिलाची आहे. पैसे खात्यात होते, बिलाचा संदेश आला होता, तो मी वाचलाही होता. मुदत उलटली, ५०० रुपये विलंब शुल्क लागले आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ९० रुपये. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला. शुल्क निदान बिलावर छापलेले तरी दिसते. त्याखेरीज, एकदा का जुनी बाकी पुढे गेली की ती पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही मिळत नाही, म्हणजे त्या महिन्यात घेतलेल्या तूरडाळीवरही खरेदीच्या दिवसापासून व्याज चालू होते. आणि ते व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला ४२ टक्के असू शकते. आपल्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनी देखभाल शुल्काच्या थकबाकीवर वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याजाची मुभा वर्षानुवर्षे दिली आहे, आणि ते लोकांना जाचक वाटते. कार्डाच्या व्याजापुढे ते निम्मे आहे.

वर्षअखेरीस बेरीज ६१,००० रुपयांच्या थोडी वर गेली. माझी अपेक्षा होती की त्यात दंड आणि विलंब शुल्के सर्वांत जास्त असतील, पण सर्वांत मोठा आकडा, १९,६०० रुपये, टॅक्सी आणि रिक्षांचा निघाला. मी मुलुंडला राहते, कार्यालय फोर्टमध्ये आहे, आणि माझ्याजवळ लोकलचा पास असतो. घरातून निघायला उशीर झाला की मी टॅक्सी बोलावते. आता मुंबईत राहणाऱ्या कोणालाही हे ऐकून हसू येईल, आणि मागच्या रांगेत ते आलेलेही मला दिसते आहे, कारण सकाळी नऊ वाजता मुलुंडहून फोर्टला टॅक्सीने जाणारा माणूस लोकलने जाणाऱ्याच्या आधी पोहोचत नाही. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पण ज्याच्या डोक्यात वेळ मोजणारे यंत्र कच्चे आहे त्याला उशीर झाला की तत्काळ हलणारे वाहन हवे असते. दारातून हालचाल सुरू झाली म्हणजे उशीर थांबला असे वाटते. स्टेशनपर्यंत दहा मिनिटे चालण्याचा विचार त्या क्षणी सहनच होत नाही. त्या क्षणाच्या सुटकेसाठी मी सहाशे-सातशे रुपये मोजते आणि सायनच्या सिग्नलला बसून तुमच्या लोकलकडे पाहते.

पासाचीही एक गोष्ट आहे. मासिक पास संपल्याच्या दुसऱ्या दिवशी दादरच्या पुलावर टीसींनी मला थांबवले. मी पास दाखवला. त्यांनी तारखेवर बोट ठेवले आणि शांतपणे म्हणाले, “मॅडम, कालच संपलाय.” २५० रुपये दंड आणि वर भाडे. त्यांची काही चूक नव्हती. त्यांच्या समोरच्या प्रत्येक फुकट्या प्रवाशाचेही हेच म्हणणे असणार. मी पैसे दिले, पावती घेतली, ती पर्समध्ये ठेवली, आणि तिसऱ्या दिवशी त्याच पुलावर तोच संपलेला पास माझ्या पर्समध्ये होता.

मला आज मुख्यतः या तिसऱ्या दिवसाविषयी बोलायचे आहे. दंड ही कल्पना एका गृहीतकावर उभी आहे. माणसाला द्यायचे नसते, टाळायचे असते, म्हणून त्याला थोडे महाग पडू द्यावे, म्हणजे पुढच्या वेळी तो वेळेवर देईल. ज्याला टाळायचे आहे त्याच्यावर तो चालतोही. पण माझ्याकडे पैसे होते, इच्छा होती, नियम पाठ होता. तुटलेली होती ती आठवण आणि कृती यांच्यातली साखळी. ज्याला धडा आधीच पाठ आहे त्याला दंड काय शिकवणार? शिकवतो ते एवढेच की आपण नालायक आहोत, आणि ही शिकवण फार महागात पडते. कारण शरमेने माणूस पाकीट उघडत नाही. माझ्या कपाटाच्या खालच्या खणात न उघडलेली पाकिटे साठत गेली, आणि जे पाकीट उघडायची भीती वाटते त्यातली थकबाकी घरात पडून वाढत राहते.

स्वीडनमधील कर्जनोंदींवर आधारलेला एक मोठा अभ्यास २०२० मध्ये ‘सायन्स अॅडव्हान्सेस’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की एडीएचडी असलेल्यांचा कर्ज थकवण्याचा दर तरुणपणी इतरांसारखाच असतो आणि मध्यमवयात तो झपाट्याने वाढत जातो. मला हे वाचून आश्चर्य वाटले नाही. वयाच्या पंचविशीत माणसाला एक खाते, एक फोन आणि एक पास असतो. चाळिशीत गृहकर्ज, सोसायटी, मुलांची फी, आईवडिलांची औषधे, गाडीचा विमा, आणि प्रत्येकाची तारीख वेगळी. गाडीच्या विम्याचे नूतनीकरण नव्वद दिवसांत झाले नाही तर वर्षानुवर्षांचा नो क्लेम बोनस जातो, आणि विम्याविना गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्या वेळचा दंड २,००० रुपये आहे. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट होती: उत्तेजक औषधांचा आर्थिक वर्तनातील सुधारणेशी संबंध दिसून आला नाही. औषधे निरुपयोगी आहेत असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. माझे दुपारचे काम त्यांच्यामुळेच होते, पण गोळी बिल भरत नाही.

औषधांच्या खर्चाविषयी थोडे सांगते. मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीवरचे उत्तेजक औषध आपल्याकडे अनुसूची एक्समध्ये, म्हणजे विक्रीवर कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या यादीत, येते. त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत औषधविक्रेता दोन वर्षे जपून ठेवतो, आणि ते विकण्याचा वेगळा परवाना असलेली दुकाने मोजकीच असतात. या कडकपणामागे सबळ कारणे आहेत. तरी गंमत अशी, की अव्यवस्थितपणावरचे हे औषध मिळवण्यासाठी महिन्याच्या ठरावीक दिवशी, ठरावीक कागद घेऊन, ठरावीक दुकानात जाण्याइतके व्यवस्थित असावे लागते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने विमा देणे कंपन्यांवर बंधनकारक केले आहे, पण आपल्याकडील बहुतेक विमा रुग्णालयात दाखल होण्याभोवती रचलेला असतो, आणि एडीएचडीसाठी सहसा कोणी दाखल होत नाही. त्यामुळे डॉक्टरांच्या दर महिन्याच्या दोन हजार रुपयांच्या फीचे देयक शेवटी मलाच भरावे लागते. ज्यांना ते परवडत नाही त्यांना केईएम, नायर किंवा शीव रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आहे. तिथे पैसे कमी लागतात आणि रांगेत वेळ जातो, आणि रोजंदारीवर असलेल्याचा तो दिवसाचा पगार असतो. माझ्या गाठीला चार पैसे आहेत म्हणून मला ही गळती सोसते, हे मी विसरून चालणार नाही.

गणपतीच्या गाडीचे सांगते आणि मग उपायांकडे वळते. त्या वर्षी कोकण रेल्वेचे आरक्षण १२० दिवस आधी खुले होत असे, म्हणजे सप्टेंबरच्या गणपतीचे तिकीट मे महिन्यात, सकाळी आठ वाजता. आमच्यासारख्यांना ‘आत्ता’ आणि ‘आत्ता नाही’ असे दोनच काळ असतात असे म्हणतात. मे महिन्यात सप्टेंबर हा ‘आत्ता नाही’मध्ये मोडत होता. मी खासगी बसने दुपटीहून अधिक भाडे देऊन गेले. नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांवर आली तेव्हा अनेकांनी नाराजी व्यक्त केली, मला मात्र मनापासून बरे वाटले.

उपायांच्या बाबतीत माझा अनुभव असा, की स्वभाव बदलण्याच्या निश्चयांवर खर्च केलेला पैसाही गळतीतच धरावा; माझ्याकडे पहिली अकरा पाने लिहिलेल्या सात दैनंदिन्या आहेत. उपयोग झाला तो तारखांची संख्या कमी केल्याने. मी आता वार्षिक पास काढते. तो मासिक पासाच्या १०.८ पट किमतीत मिळतो, आणि बारा तारखांच्या जागी एकच तारीख उरते. सोसायटीचे पैसे एप्रिलमध्ये वर्षाचे एकदम भरते. कार्डाच्या बिलाचे चक्र बदलून मागता येते, म्हणून दोन्ही कार्डांची मुदत पगाराच्या दुसऱ्या दिवसावर आणली आणि पूर्ण रक्कम आपोआप वळती होण्याची सूचना बँकेला दिली. याची उलट बाजू म्हणजे वापरात नसलेली वर्गणीही आपोआप जात राहते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार वळते होण्याच्या चोवीस तास आधी संदेश येतो, पण संदेश वाचणे आणि काही करणे यांतील अंतर किती असते हे मी तुम्हाला अर्धा तास सांगतेच आहे.

बाकी सगळ्याला एकच उपाय लागू पडला, आणि तो सांगताना मला थोडा संकोच वाटतो. दर रविवारी दुपारी माझ्या मोठ्या जाऊबाई येतात. त्या मला काही सांगत नाहीत, विचारत नाहीत; समोर बसून मेथी निवडतात, आणि मी खालच्या खणातले एकेक पाकीट उघडते. दुसरे माणूस समोर बसले की काम का होते याचे नीट स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, पण होते. मेथीही, जी एरवी माझ्या फ्रिजमध्ये काळी पडून शेवटी केरात जायची, त्याच दुपारी निवडून होते.

गेल्या रविवारी २०१९ चे एक पाकीट निघाले. आत १,८५० रुपयांच्या लाभांशाचा धनादेश होता. धनादेशाची मुदत तीन महिन्यांची असते, त्यामुळे तो कधीच बाद झाला आहे. सात वर्षे कोणी न मागितलेला लाभांश कंपनीला गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जमा करावा लागतो, आणि तिथून तो परत मिळवणे म्हणजे वेगळा अर्ज आणि वेगळी कागदपत्रे. सात वर्षे पूर्ण व्हायला अजून थोडे महिने आहेत. तेवढ्यात कंपनीला एक पत्र पाठवले तर काम भागेल. जाऊबाईंनी विचारले, “काय गं, पैसे निघाले का?” मी म्हटले, “निघाले, पण पत्र लिहावं लागेल.” त्यांनी मेथीची दुसरी जुडी सोडली आणि म्हणाल्या, “मग लिही की. मी बसलेय.”