अजून न बांधलेलं गाव

श्रोतेहो, नमस्कार.

नवा फ्लॅट बघायला बिल्डरच्या ऑफिसात गेलात की दारातच काचेखाली एक मॉडेल मांडलेलं असतं. हिरव्या स्पंजची झाडं, निळा तरणतलाव, नखाएवढ्या गाड्या. मोठी माणसं भाव विचारत असतात आणि मुलं काचेला नाक लावून तेवढंच बघत उभी राहतात. त्या मॉडेलमागे कुठेतरी खरी जमीन असते, सातबारा असतो, मंजूर नकाशा असतो. मी आज ज्या कलावंताबद्दल बोलणार आहे, त्याच्या इमारतींना यातलं काहीच नव्हतं. तरी त्यानं कागदाची आणि पुठ्ठ्याची अख्खी शहरं उभी केली, आणि तीही अशी, की उद्या सकाळी गवंडी कामावर येणार आहेत असं वाटावं.

त्याचं नाव बॉडिस इसेक किंगेलेझ. जन्म १९४८ चा. गाव किम्बेम्बेले इहुंगा, आफ्रिकेतल्या त्या वेळच्या बेल्जियन काँगोतलं शेतीवर जगणारं खेडं. तो अकरा वर्षांचा असताना, १९६० साली, देश स्वतंत्र झाला. १९७० मध्ये तो राजधानी किन्शासाला आला. मोहम्मद अली आणि जॉर्ज फोरमन यांची १९७४ ची मुष्टियुद्धाची लढत झाली, तेच हे किन्शासा. राष्ट्राध्यक्ष मोबुटूंना जगाला नवा देश दाखवायचा होता. उंच मनोरे आणि रुंद रस्ते यांवर पैसा ओतला जात होता, आणि त्यांच्या चारी अंगांनी पाणी-वीज नसलेल्या वस्त्या पसरत होत्या. खेड्यातून आलेल्या या तरुणाला दोन्ही दिसत होतं.

तो काही काळ शिक्षक होता. ती नोकरी सोडली, आणि मग दिवस असे आले की कात्री, ब्लेड, डिंक आणि कागद यांपलीकडे त्याला काही सुचेना. त्यानं एक इमारत केली आणि ती राष्ट्रीय संग्रहालयात नेऊन दाखवली. तिथल्या लोकांचा विश्वास बसेना की हे यानंच केलंय. तेव्हा त्यानं त्यांच्यादेखत दुसरी करून दाखवली. मग त्याच संग्रहालयानं त्याला जुन्या वस्तूंची डागडुजी करायला कामावर घेतलं.

हा प्रसंग मला आतून लागतो. मी बरीच वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. एका मुलानं घरून फार सुंदर काम करून आणलं, आणि मी त्याला सगळ्या वर्गासमोर विचारलं, "बाबांनी करून दिलं ना?" तो काही बोलला नाही. पुन्हा त्यानं घरून काही आणलंही नाही. किंगेलेझनं दुसरी इमारत करून दाखवली, म्हणून तर आपल्याला त्याचं नाव माहीत आहे.

पुठ्ठ्याचं काम ज्यांनी केलंय त्यांना ठाऊक असेल, सरळ भिंत कुणीही कापेल. खरी परीक्षा गोलाईची. जाड कागद वळवायचा तर मागच्या बाजूनं ब्लेडनं अर्धवट काप द्यावे लागतात, एकमेकांना समांतर, अगदी जवळजवळ. हात जरासा जड पडला की कागद आरपार तुटतो, हलका पडला की वळताना सुरकुती येते. फेव्हिकॉल जास्त झाला की ओला कागद फुगतो आणि भिंतीला पोट येतं. आता किंगेलेझच्या इमारतींचे फोटो बघा. पंख्यासारखे उलगडलेले सज्जे, तबकडीसारखी छपरं, एकावर एक चढत गेलेल्या कमानी, आणि कडा अशा, की कुठे डिंकाचा थेंब दिसत नाही. बाटल्यांची बुचं, शीतपेयांच्या डब्यांचा पत्रा, प्लॅस्टिक, मालाची खोकी, सगळं त्यानं वापरलं. म्हणून काही जण याला टाकाऊतून टिकाऊ म्हणतात. मला ते पटत नाही. त्या शब्दात काटकसर आहे. या माणसाच्या कामात काटकसर औषधालाही नाही, सगळा थाटमाट आहे.

आपण याला प्रतिकृती म्हणतो, पण प्रतिकृती म्हटलं की मूळ कृती आलीच. लाल किल्ला आहे म्हणून त्याची प्रतिकृती होते. इथे मूळ काहीच नाही. म्हणून आपला रोजचा शब्द, मॉडेल, हाच बरा. तो स्वतःही मॉडेलच म्हणायचा, "टोकाची मॉडेलं". ज्या देशाला मॉडेल करता येत नाही, त्या देशाला काही समजत नाही आणि तो जगतही नाही, असं त्याचं म्हणणं होतं. हे तो अगदी मनापासून म्हणत असे.

आणि त्यानं केलं काय, तर १९९४ मध्ये आपलं जन्मगावच नव्यानं बांधलं. किम्बेम्बेले इहुंगा, तीन मीटर रुंद, जवळजवळ दोन मीटर खोल. खऱ्या गावात शेतं होती. या गावात रेल्वे स्टेशन आलं, हॉटेलं आली, गगनचुंबी इमारती आल्या, स्टेडियम आलं. शहरात गेलेला मुलगा गावी परतताना सगळ्यांसाठी काहीतरी घेऊन येतो ना, तसं मला ते वाटतं. याच्या पिशवीत आख्खं स्टेशन होतं. दोन वर्षांनी त्यानं आणखी एक शहर रचलं, साडेपाच मीटरहून लांब. तिथे पोलीस नाहीत, सैनिक नाहीत, कारण त्यांची गरज पडू नये अशीच त्याची रचना.

मला सगळ्यांत जवळचं वाटतं ते १९९१ चं एड्सचं रुग्णालय. किन्शासात १९८४ पासून एड्सवर संशोधन करणारा मोठा आंतरराष्ट्रीय प्रकल्प चालू होता. १९९१ मध्ये शहरात लुटालूट आणि दंगे झाले, परदेशी डॉक्टर निघून गेले आणि प्रकल्प बंद पडला. त्याच वर्षातलं हे कागदी रुग्णालय. सणाच्या दिवशी मांडावं असं रंगीत आणि डौलदार. आजारी माणसाला सर्वांत देखण्या इमारतीत जागा मिळाली पाहिजे, असं कुणी तरी इतक्या निगुतीनं कापून, दुमडून, चिकटवून सांगितलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

आपल्याकडचा एक धागा सांगते. १९८९ मध्ये पॅरिसला एक प्रदर्शन झालं, जगभरातले सुमारे शंभर कलावंत एका पंक्तीला बसवणारं. किंगेलेझ जगाला कळला तो तिथे. त्याच प्रदर्शनात आपल्या डहाणूकडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांचंही काम होतं. एक तांदळाच्या पिठीनं शेत, जाळं, तारपा काढणारा, दुसरा खोक्यांतून राजधानी रचणारा. दोघांनाही आपलं गाव सोडवलं नाही.

किंगेलेझ २०१५ च्या मार्चमध्ये किन्शासात गेला. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्याच्या आयुष्यभराच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं. तोवर लोकांनी ही शहरं वरून, कडेनं, वाकून पाहिली होती. तिथे मात्र डोळ्यांवर आभासी दुनियेचा चष्मा चढवून त्या पोलीस नसलेल्या शहरात उतरता येत होतं. पुठ्ठ्याच्या भिंती डोक्याच्या वर गेलेल्या, आणि माणसं माना उंचावून त्याच्या रस्त्यांवरून फिरत होती.

नमस्कार.