गुरुशिखरची थंडी आणि मागचा माणूस

नमस्कार श्रोतेहो.

मार्गशीर्ष लागला की आपल्या मुंबईत दत्तजयंतीच्या प्रवासाची बोलणी सुरू होतात. कुणी गिरनारला निघतं, कुणी गाणगापूरला, कुणी वाडीला. आज मी ज्या दत्तस्थानाबद्दल बोलणार आहे, ते राजस्थानात, माउंट अबूला आहे. गुरुशिखर. अरवलीचं सर्वांत उंच टोक, १७२२ मीटर. आपल्या कळसूबाईपेक्षा ७६ मीटरनं उंच. पश्चिमेला मारवाडचा कोरडा मुलूख आणि त्यापलीकडे थरचं वाळवंट.

गाडीरस्ता जवळजवळ टोकापर्यंत जातो, पुढे तीनेकशे पायऱ्या आहेत. तरीही ऐन थंडीत, चार माणसं जमवून, अबू गावातून पायी जावं असं मला मनापासून वाटतं. अंतर पंधरा किलोमीटर, चढ साधारण पाचशे मीटरचा, तोही विभागलेला. वाटेत देलवाड्याची जैन मंदिरं लागतात. त्यातलं विमलवसही नावाचं मंदिर १०३१ सालचं, संगमरवराचं. ते मात्र परतीच्या दिवसासाठी ठेवा, घाईत बघण्याची ती जागा नाही.

सह्याद्रीत अनेक वर्षं फिरलेली माणसंही या वाटेवर फसतात, ती चढामुळे नाही. थंडीमुळे.

मुंबईच्या हवेत बाष्प भरपूर असतं. दिवसभर तापलेली जमीन रात्री उष्णता सोडते, तेव्हा हे बाष्प ती अडवून बरीचशी खाली परत पाठवतं. आपल्या अंगावर जणू रात्रभर गोधडी असते. शिवाय समुद्र आहेच. सांताक्रूझला १९६२ च्या जानेवारीत ७.४ अंशांपर्यंत पारा उतरला होता, तो आकडा नवल म्हणून आजही सांगितला जातो. अबूला हिवाळ्यात आभाळ स्वच्छ आणि हवा कोरडी असते. सूर्य मावळला की जमिनीची ऊब थेट वर निघून जाते. थंडीच्या लाटेत पारा शून्याखाली जातो, पहाटे गाड्यांच्या टपांवर आणि पोलो ग्राउंडच्या गवतावर दव गोठलेलं दिसतं. खोबरेल तेलाची बाटली तर उन्हात ठेवल्याशिवाय उपयोगाची नसते. आणि तेच ऊन दहा वाजता स्वेटर काढायला लावतं.

या कोरडेपणाचा उपयोग शास्त्रज्ञांनी करून घेतलाय. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेची वेधशाळा गुरुशिखरलाच आहे, तिथे १.२ मीटर व्यासाची दुर्बीण आहे. ताऱ्यांकडून येणारे, डोळ्यांना न दिसणारे अवरक्त (इन्फ्रारेड) किरण हवेतलं बाष्प शोषून घेतं, म्हणून अशा निरीक्षणाला उंच आणि कोरडी जागा लागते. तुमचे ओठ फोडणारी हवा आणि त्या दुर्बिणीला आकाश मोकळं करून देणारी हवा एकच. चढताना वेधशाळेचे घुमट दिसले की हे जरूर आठवा.

आता चालण्याबद्दल, कारण आजचं माझं खरं सांगणं ते आहे.

आपल्या ग्रुपमध्ये काय होतं? तरुण मंडळी पुढे सुटतात, वळणावर जाऊन बसतात आणि मागच्यांची वाट बघतात. सह्याद्रीत हे खपून जातं. इथे पुढच्यांच्या पाठीवर घामानं भिजलेला सुती टीशर्ट असतो आणि वळणावर वारा. दहा मिनिटांत ती पाठ बर्फासारखी होते. बुटाची सुटलेली नाडी बांधायला जावं तर बोटं वळत नाहीत. तेवढ्यात मागून साठी ओलांडलेल्या काकू धापा टाकत पोहोचतात. काकू टेकतात न टेकतात तोच कुडकुडणारे पुढचे म्हणतात, चला, उठा, थंडी वाजतेय. म्हणजे ज्यांना विश्रांती नको होती त्यांना ती मिळाली, आणि जिला हवी होती तिला मिळालीच नाही. माणूस दमतो, गप्प होतो, मागे पडतो. थंडीत गप्प झालेल्या माणसाची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते.

म्हणून सगळ्यात सावकाश चालणाऱ्याला पुढे घाला आणि ग्रुपमधला सगळ्यात तयारीचा माणूस शेवटी ठेवा. चाल काकूंची. त्या चालीनं घाम कमी येतो, थांबे लहान होतात आणि सगळे बरोबर पोहोचतात. पोरं कुरकुरतील, पण तासाभरानं त्यांनाही ती चाल आवडायला लागते, कारण बोलता येतं.

कपड्यांचं आपण नेमकं उलट करतो. चढताना स्वेटर घालतो आणि थांबलो की काढतो. निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे, चालायला लागलं की ती जाते. स्वेटर थांबल्यावर, लगेच, घाम सुकायच्या आत चढवायचा. पाण्याचंही तसंच. कोरड्या हवेत घाम कळतच नाही, आणि थंडीत तहानही लागत नाही. तेव्हा मागच्या माणसानं दर थांब्याला सगळ्यांना चार घोट प्यायला लावायचे.

अंधारात निघू नका. हे अभयारण्य आहे, इथे अस्वलं आणि बिबटे आहेत, आणि अस्वलं तर गावातही येतात. चांगलं उजाडू द्या, टपरीवर चहा घ्या आणि मग निघा.

वर दत्तगुरूंचं दर्शन घ्या, घंटा वाजवा. इथल्या जुन्या घंटेवर १४११ सालचा लेख होता. हवा निवळलेली असेल तर पश्चिमेकडे खूप लांबवर सपाट मुलूख दिसतो. तिथे बसा, गप्पा मारा, घाई करू नका.

उतरताना बहुतेक जण जीप करतात, आणि खरे तिथेच गारठतात. चढून अंग ओलं, जीप उघडी, समोरून वारा. तेव्हा पिशवीत तळाशी एक कोरडा बनियन, कोरडा शर्ट आणि कानटोपी ठेवाच. पायऱ्या उतरलात की जीप ठरवायच्या आधी कपडे बदला. आणि काकूंना ड्रायव्हरशेजारी, काचेआड बसवा.

नमस्कार.