रस्त्यावरचं स्मारक

मंडळी, आधीच सांगतो, मी संगीताचा अभ्यासक वगैरे नाही. बीटल्स या चार जणांच्या इंग्लिश बँडचा नुसता चाहता आहे. कॉलेजात मित्राकडून आणलेली ‘अ‍ॅबी रोड’ची कॅसेट घरी वाजत असे. तिच्या कव्हरवरचा फोटो एवढा बारीक होता, की रस्ता ओलांडणाऱ्या चौघांपैकी एकाच्या पायात काहीच नाही, हे मला वर्षभर कळलं नव्हतं! आज बोलायचंय ते त्या फोटोतल्या, लंडनच्या रस्त्याबद्दल.

या रस्त्याचं स्मारक झालं ते चक्क कंटाळ्यामुळे. १९६९ मध्ये रेकॉर्डचं नाव ‘एव्हरेस्ट’ ठेवायचं घाटत होतं. हे नावही डोंगरावरून नव्हे, त्यांचे ध्वनिमुद्रक जेफ एमेरिक ओढायचे त्या सिगारेटवरून सुचलेलं. मग कव्हरसाठी हिमालयात जाऊन फोटो काढू, अशीही टूम निघाली. पण एवढं लांब जाणार कोण? त्यापेक्षा स्टुडिओच्या दाराबाहेर पडू, तिथेच फोटो काढू आणि रस्त्याचंच नाव देऊन टाकू, असं ठरलं. चौघांतल्या पॉल मॅकार्टनीने कागदावर चार आकृत्या रेखाटून दिल्या.

तारीख ८ ऑगस्ट, सकाळचे साडेअकरा. छायाचित्रकार इयन मॅकमिलन भर रस्त्यात घडीच्या शिडीवर उभे. एका पोलिसाने गाड्या थोपवून धरलेल्या. दहाएक मिनिटं हे चौघे इकडून तिकडे, तिकडून इकडे करत होते. फोटो निघाले सहाच. आज मोबाइलवर आपण जेवणाच्या ताटाचे याहून जास्त काढतो. त्यातला पाचवा निवडला, कारण चौघांचीही पावलं नीट फाकलेली तेवढ्या एकात मिळाली. तरी बघा, तिघांचा डावा पाय पुढे आणि पॉलचा उजवा. आणखी एक गंमत म्हणजे त्या फोटोत ते स्टुडिओकडे पाठ करून चालले आहेत. चौघांनी मिळून ध्वनिमुद्रित केलेली ही शेवटची रेकॉर्ड. ‘लेट इट बी’ बाजारात नंतर आली, पण तिचं बरंचसं काम आधीच झालेलं होतं. त्यामुळे ती पाठ बघून माझ्या पोटात अजूनही कालवतं.

पॉलच्या अनवाणी पायांनी मात्र मोठा घोळ घातला. आपल्याकडे अनवाणी माणूस दिसला तर देवळातून आला असेल, नवस असेल, असं आपण म्हणतो. तिकडे अफवा उठली, की पॉल मेलाय आणि ही त्याची अंत्ययात्रा आहे. मागे उभ्या असलेल्या फोक्सवॅगनच्या नंबरात ‘२८१एफ’ आहे, त्यातल्या इंग्रजी एकाला ‘आय’ धरून लोकांनी ते ‘२८ इफ’ असं वाचलं: जगता तर अठ्ठावीस वर्षांचा असता. पॉल तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. पण अफवेला हिशेबाशी काय देणंघेणं! पॉल अजून गातोय.

आता स्टुडिओबद्दल थोडंसं. १९३१ मध्ये एडवर्ड एल्गारसारख्या थोर संगीतकाराच्या हस्ते तो सुरू झाला. नाव होतं ईएमआय स्टुडिओज. रेकॉर्ड गाजली आणि पुढे स्टुडिओनेच तिचं नाव घेतलं. आपल्याकडचे सूरही त्या इमारतीत पोचले आहेत बरं का. जानेवारी १९६८ मध्ये चौघांतला जॉर्ज हॅरिसन मुंबईला आला होता. एचएमव्हीच्या स्टुडिओत त्याने भारतीय वादकांना घेऊन ‘वंडरवॉल’ या चित्रपटाचं संगीत ध्वनिमुद्रित केलं. हरिप्रसाद चौरसिया, शिवकुमार शर्मा ही तेव्हाची तरुण मंडळी त्या कामात होती. त्याच मुक्कामात ‘द इनर लाइट’ या गाण्याची वाद्यसंगत इथे झाली आणि शब्द पुढच्या महिन्यात अ‍ॅबी रोडला गायले गेले. मुंबईत वाजलेलं ते गाणं ‘लेडी मॅडोना’च्या तबकडीच्या मागच्या बाजूला आहे. जरूर ऐका.

डिसेंबर २०१० मध्ये ब्रिटिश सरकारने फोटोतलं हे झेब्रा क्रॉसिंग वारसा यादीत घातलं. इमारती, पूल, पुतळे असतात त्याच यादीत डांबरावरचे पांढरे पट्टे! आणि तरी रस्ता चालू आहे. तिकीट नाही, कुंपण नाही. चाहते फोटोसाठी मधेच थबकतात, चालक ताटकळतात. मला विचाराल तर चालकांची बाजू खरी आहे. स्टुडिओच्या भिंतीवर लोक इतकं लिहून ठेवतात, की ती पुन्हा पुन्हा रंगवावी लागते. भिंतीवर नावं कोरायची खोड आपल्या गडांवरच दिसते असं मला वाटायचं. तो गैरसमज तिथे फिटला.

मी गेलो तेव्हा बरोबर बायको, मुलगी आणि जावई होते. म्हणजे बरोबर चौघं. बायकोला या गाण्यांचं काडीचं प्रेम नाही, पण पॉल व्हायला तीच तयार झाली. देवळाबाहेर काढतात तशा तिने चपला काढून पिशवीत घातल्या आणि चालायला लागली. फोटो काढायला एका परक्या मुलाला उभं केलं होतं. नेमकी समोरून लाल डबलडेकर आली. जावई पुढे पळाला, मी मागे फिरलो. फोटोत बायको एकटी रस्त्याच्या मधोमध, अनवाणी, हात वर करून बस थांबवताना दिसते. तो फोटो आमच्या दिवाणखान्यात लावलाय.

त्या क्रॉसिंगवर आता कॅमेरा आहे, त्याचं चित्र घरबसल्या दिसतं. ८ ऑगस्टला तिथे सकाळचे साडेअकरा वाजतात तेव्हा आपल्याकडे दुपारचे चार झालेले असतात. चहा घेऊन मी बसतो. मागच्या वेळी बायकोही येऊन बसली, आणि कुणी मधेच थांबलं की म्हणायची, “अहो, याला सांगा ना कुणीतरी, मागून बस येतेय!”