गजकर्णाला ट्यूब सांगा म्हणे!

नमस्कार मंडळी. पावसाळा लागला की कमेंटमध्ये एकच धोशा, 'डॉक्टर, गजकर्णाला ट्यूबचं नाव सांगा.' नाही सांगणार. का, ते ऐका.

ओळखायला सोपं आहे. गोल चट्टा, लालसर खवल्यांची कड, मधली कातडी जरा निवळलेली, वर जीव नकोसा करणारी खाज. जांघेत, कमरेला, काखेत. बुरशी आहे ती, 'रक्त खराब' वगैरे काही नाही. चला पुढे.

तर ट्यूब. मेडिकलमध्ये 'खाजेची ट्यूब द्या' म्हटलं की बरेचदा मिश्रणाची ट्यूब हातात पडते. बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि स्टेरॉईड, सगळं एकत्र. बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन दिसलं की ठेवा खाली. स्टेरॉईडनं लाली आणि खाज दबते, बुरशी मरत नाही. उलट कातडीचा प्रतिकार मंदावतो आणि ती निवांत पसरते. दोन दिवस झकास, ट्यूब थांबवली की दुप्पट. मग परत तीच ट्यूब!

आमचीही पंचाईत होते. स्टेरॉईडनं ती कडच पुसली जाते, गजकर्ण गजकर्णासारखं दिसतच नाही. मग खवले खरवडून, पोटॅशियम हायड्रॉक्साईड घालून मायक्रोस्कोपखाली बुरशीचे धागे शोधत बसायचं.

कातडी पातळ होते ती वेगळीच. मध्यंतरी कॉलेजातला एक मुलगा आला होता, जांघेत बोटभर रुंद जांभळट पट्टे. गजकर्ण गेलं, पट्टे कायमचे राहिले. आई म्हणे, 'पण साधी ट्यूबच तर होती!' साधी? 2018 मध्ये केंद्र सरकारनं अशी स्टेरॉईड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायचीच नाहीत. विकतात, आपण घेतो.

एका ताईंची कमेंट आहे, 'लसूण चोळा, हमखास जातं.' ताई, लसूण चटणीत घाला. लसणानं भाजलेल्या मांड्या मी बघितल्यात.

उपचार? नुसतं बुरशीचं मलम, चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटीमीटरपर्यंत, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही आणखी दोन आठवडे. जास्त पसरलं असेल तर इट्राकोनॅझोल किंवा टर्बिनाफिनच्या गोळ्या. पण टर्बिनाफिनला दाद न देणारी बुरशी आपल्याकडे आता बरीच आहे, शिवाय लिव्हरकडे लक्ष ठेवावं लागतं, म्हणून कुठली गोळी आणि किती दिवस, ते तपासणाऱ्या डॉक्टरांवर सोडा. टॉवेल वेगळा, ओली अंडरवेअर नको, आणि घरात ज्याला ज्याला खाज आहे त्या सगळ्यांचे उपचार एकदमच. एकटा बरा होऊन उपयोग नाही.

महिनोन्महिने तसली ट्यूब लावत असाल तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना ती सोबत न्या, रिकामी असली तरी. आणि कृपा करून जांघेचे फोटो मला मेसेजमध्ये पाठवू नका. ते पेज माझी बायको सांभाळते.