‘लिमा’चे कप्तान

श्रोतेहो, नमस्कार.

जानेवारी १९४३. जर्मन पाणबुड्यांनी अटलांटिक महासागरात दोन अमेरिकी मालवाहू जहाजं बुडवली होती, माणसं होड्यांतून लाटांवर भरकटत होती. अझोर्स बेटांवरून पोर्तुगालची ‘लिमा’ ही विनाशिका त्यांच्या शोधात निघाली. वादळ इतकं भयानक, की एका क्षणी ती ६७ अंश कलली! म्हणजे आतल्या माणसांना जमीन कुठली न् भिंत कुठली, कळू नये. तरीही तिने ११९ जणांना वाचवलं. पोर्तुगाल तर युद्धात तटस्थ. ही माणसं त्याची कोणी लागत नव्हती.

‘लिमा’चे कप्तान होते मानुएल सार्मेंतो रॉद्रिगिश.

पुढे हुकूमशहा सालाझारने त्यांना आफ्रिकेतल्या गिनीचं गव्हर्नर केलं आणि १९५० मध्ये थेट वसाहतमंत्री. दुसऱ्याच वर्षी पोर्तुगालच्या घटनेत दुरुस्ती झाली. ‘वसाहत’ हा शब्द गेला, ‘सागरापलीकडचा प्रांत’ आला. गोवा हा पोर्तुगालचाच भाग, मग स्वातंत्र्य कसलं मागता, असं जगाला सांगायची ती सोय होती. १९५२ मध्ये मंत्रिमहोदय स्वतः गोव्यात येऊन गेले. आणि याच ‘प्रांता’त सभा घेतली, भाषण केलं म्हणून १९४६ पासून माणसं पकडली जात होती. गोव्याच्या स्वातंत्र्यलढ्यातले नेते टी. बी. कुन्हा यांना तर पार पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात नेऊन डांबलं होतं.

मला सर्वांत जास्त खुपतो तो मे १९५४ चा कायदा. गिनी, अंगोला आणि मोझांबिकमधल्या आफ्रिकी माणसाला स्वतःच्याच भूमीत नागरिक व्हायचं, तर वय अठराच्या पुढे हवं, पोर्तुगीज नीट बोलता यायला हवं, पोटापुरती कमाई हवी, वागणूक चांगली हवी. आणि हे सगळं त्याने सिद्ध करून दाखवायचं! बाकीचे लाखो लोक कायद्याच्या भाषेत नुसते ‘देशी’. या कायद्यावर सही याच मंत्र्यांची. समुद्रातून माणसं ओढून काढताना त्यांनी कुणाला भाषा विचारली नव्हती हो.

त्याच पावसाळ्यात दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीजांच्या ताब्यातून मुक्त झाली. आपले सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे त्या लढ्यात होते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. १९५५ मध्ये सार्मेंतो रॉद्रिगिश यांचं मंत्रिपद गेलं, पण सालाझारची मर्जी टिकली. १९६१ मध्ये ते मोझांबिकचे गव्हर्नर जनरल झाले.

त्याच डिसेंबरात भारतीय सैन्य गोव्यात शिरलं. इकडे पणजीत तिरंगा फडकला आणि तिकडे मोझांबिकमधल्या भारतीय नागरिकांना छावण्यांत कोंडण्यात आलं. त्यांची मालमत्ता गोठवली, पुढे त्यांना देशाबाहेर काढलं. गोव्यात जे घडलं त्यात त्यांचा काडीचाही हात नव्हता. वर्षानुवर्षं तिथे दुकानं चालवणारी माणसं होती ती, बायकामुलांचा संसार असलेली. त्या वेळी तिथला सर्वोच्च अधिकारी होता ‘लिमा’चा कप्तान.