दाराला सहा बाजू असतात

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय तो ‘घराचं नूतनीकरण: लाकूडकामाला ऑइल पेंट की पाण्याचा रंग?’ तिथवर मी येणारच आहे. पण दाराचं डोकं आणि दाराचा तळ, या दोन जागांविषयी बोलल्याशिवाय मला पुढे सरकता येत नाही. अध्यक्षांनी पन्नास मिनिटं दिलीत, त्यातली पहिली दहा या दोन जागांना.

आपल्याकडे घरातलं लाकूडकाम म्हणजे काय ते आधी ठरवू. भिंतीच्या पायथ्याची पट्टी नाशिकमध्ये बहुतेक घरांत टाइलची किंवा कोटा फरशीची असते, ती सोडा. उरतात चौकटी, दारांचे पल्ले, चौकट आणि भिंत यांमधली फट झाकणाऱ्या मोल्डिंग पट्ट्या, जुन्या घरांत लाकडी खिडक्या आणि जिन्याचा कठडा. या सगळ्यांत हलतो तो फक्त पल्ला, आणि कुरकुरतोही तोच.

घरी गेल्यावर स्टुलावर चढून बेडरूमच्या दाराच्या माथ्यावरून बोट फिरवा. बोटाला गुळगुळीत रंग लागला तर तुमच्या रंगाऱ्याला दिवाळीची मिठाई द्या. खरखरीत लाकूड आणि धूळ लागली तर तुम्ही बहुसंख्य आहात. दाराला सहा बाजू असतात: पुढची, मागची, बिजागरीची कड, कुलपाची कड, माथा आणि तळ. रंग लागतो चारांना. उरलेल्या दोन दिसत नाहीत म्हणून त्यांना कोणी विचारत नाही.

हिशेब करू. 7 फूट बाय 3 फुटांचं दार, दोन्ही अंगं 42 चौरस फूट. चौकट, पट्ट्या आणि उभ्या कडा धरून साठेक चौरस फूट होतात. माथा आणि तळ मिळून? जाडी 35 मिलीमीटर धरली तर पाऊण चौरस फूटही भरत नाही. म्हणजे एकूण कामाच्या जेमतेम एक टक्का. दोन हातांना, म्हणजे दोन थरांना, लागणारा रंग चहाचे तीन चमचे. तेवढ्या रंगाच्या कंजुषीपायी सगळं दार पाणी पितं.

पिण्याचं कारण लाकडाच्या रचनेत आहे. झाडात पाणी मुळाकडून शेंड्याकडे नेणाऱ्या नळ्या उभ्या असतात. फळी उभी कापली की त्या नळ्या कडेला झोपलेल्या असतात, पण फळीच्या दोन्ही टोकांना त्यांची तोंडं उघडी पडतात. उसाचं कांडकं सालीकडून चोखून रस येत नाही, कापलेल्या तोंडाकडून येतो, तसंच हे. दाराच्या उभ्या पट्ट्या वर माथ्याला आणि खाली तळाला संपतात, म्हणजे तोंडं नेमकी तिथेच. आपण दार पुढून-मागून तीन हात देऊन चकचकीत करतो आणि पाणी शिरायची वाट मोकळी ठेवतो.

लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढतं. सागाचं हे प्रमाण इतर लाकडांपेक्षा कमी, म्हणून तर आपल्याकडे पेठ-सुरगाण्याच्या सागाला मान. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. उन्हाळ्यात लाकडातला ओलावा समजा 8 टक्के असेल आणि श्रावणात 14 वर गेला, तर जुन्या वाड्यातल्या दीड फुटी फळ्यांच्या झडपेची रुंदी तीन ते पाच मिलीमीटरने वाढू शकते. पल्ला आणि चौकट यांत फट असते दोन ते तीन मिलीमीटरची. पुढचं तुम्हाला माहीत आहे. धक्का, लाथ, शिवी.

आणि मग येतो माझा खरा शत्रू: आषाढातला रंधा.

दार अडकलं की सुताराला फोन जातो. सुतार येतो, कुलपाकडच्या कडेवर सपासप रंधा मारतो, चार मिलीमीटर लाकूड काढतो, दार मऊसूत बंद होतं, सगळे खूश. रंध्याने रंगाची साल निघून गेली आहे आणि कड उघडी पडली आहे. ती रंगवायला कोणी येत नाही, कारण एवढ्याशा कामाला रंगारी येत नाही. उघडी कड आणखी ओलावा ओढते. पुढच्या आषाढात दार पुन्हा अडकतं, पुन्हा रंधा. असे चार पावसाळे गेले की निफाडकडून थंडीची लाट येते, लाकूड आखडतं आणि दार व चौकट यांत एवढी फट पडते की शेजारच्या खोलीतला माणूस कोणत्या कुशीवर झोपलाय ते दिसतं. कुलपाची जीभ पट्टीपर्यंत पोचत नाही. मग म्हणतात, दारच बदला! दार निर्दोष असतं हो. आपण त्याला तासून मारलेलं असतं.

रंधा मारायचाच तर आधी तीन गोष्टी पाहा. एक, वरच्या बिजागरीचे स्क्रू. निम्म्या वेळा दार फुगलेलं नसतं, लटकलेलं असतं. कुलपाकडचा वरचा कोपरा चौकटीला घासतो आणि बिजागरीच्या बाजूला वर फट दिसते. स्क्रूचं भोक सैल झालं असेल तर लाकडाची काडी गोंदात बुडवून ठोका, वाळू द्या, लांब स्क्रू पिळा. काम संपलं. दोन, घासतंय नक्की कुठे? फटीत कार्बन पेपर धरून दार बंद करा, डाग पडेल तेवढीच जागा. तीन, श्रावणात फक्त पेन्सिलने खूण करून ठेवा आणि दिवाळीनंतर लाकूड सुकलं की खूण परत तपासा. बऱ्याचदा तोवर घासणं थांबलेलं असतं. तरीही रंधा लागलाच, तर त्याच दिवशी त्या कडेवर प्रायमर.

या दोन बाजू का सुटतात, याचं कारण मला कामाच्या क्रमात दिसतं. सुतार कोरं दार बिजागरीवर टांगतो आणि जातो. रंगारी येतो तेव्हा दार टांगलेलं. सुतार म्हणतो रंग माझ्याकडे नाही, रंगारी म्हणतो दार आधीच लावलेलं होतं. दोघंही खरं बोलतात! उपाय एकच, तो बोलणी करताना कागदावर घ्या: दार टांगण्याआधी सहाही बाजूंना प्रायमरचा एक हात. फ्लश डोअर, म्हणजे दोन्ही अंगांना प्लाय असलेलं सपाट दार, बनवणाऱ्या अनेक कंपन्यांच्या वॉरंटीतही सगळ्या कडा सील करायची अट असते, ती बारीक अक्षरात असते म्हणून कोणी वाचत नाही.

नूतनीकरणात आणखी एक घोळ होतो. जुनी फरशी न फोडता तिच्यावरच नवी टाइल चिकटवतात. टाइल आणि खालचा थर मिळून जमीन 12-15 मिलीमीटर वर येते. दार अडतं, म्हणून तळ करवतीने कापतात. फ्लश डोअर असेल तर आतल्या पट्ट्या आणि प्लायचे थर उघडे पडतात आणि दुसऱ्या दिवसापासून त्यावर पोछ्याचं पाणी. बाथरूमच्या दाराच्या तळाची प्लाय पुस्तकाच्या पानांसारखी सुटलेली पाहिलीत ना? मूळ इथे आहे.

तळ रंगवायला दार उतरवायचं तर पल्ल्याखाली पाचर द्या, खालची बिजागरी आधी सोडा, वरची शेवटी. परत लावताना वरची आधी. बिजागऱ्यांना नंबर घाला, अदलाबदल झाली की भोकं जुळत नाहीत. उतरवणं शक्यच नसेल तर जुन्या गालिच्याचा पातळ तुकडा लाकडी पट्टीला ठोका, त्यावर रंग घ्या आणि दाराखालून सरकवत न्या. जमिनीवर आरसा ठेवला की राहिलेली जागा दिसते.

दहा मिनिटं म्हणालो होतो, पंचवीस झाली असं अध्यक्ष खुणावतायत. आता नेटाने पुढे.

तयारी. साबणाने नाही, धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, विशेषतः कडीजवळची आणि स्वयंपाकघराच्या दाराची जागा. तेलकट हाताच्या डागावर रंग धरत नाही. मग स्वच्छ पाण्याने पुसून सुकू द्या. नंतर पॉलिश पेपर: साल सुटलेली असेल तर 80 नंबर, एरवी 120, मग 180. प्रायमरनंतर 220, दोन हातांच्या मध्ये 320. घासायचं रेषेच्या दिशेने, आडवं घासलेलं ऑइल पेंटच्या चकाकीत उठून दिसतं.

जुन्या घरांसाठी एक इशारा. जुन्या ऑइल पेंटमध्ये, खासकरून पिवळ्या, लाल आणि हिरव्या छटांत, शिसं असू शकतं. घरगुती रंगात 90 पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा, जास्त शिसं नको, हा नियम आपल्याकडे 2016 साली झाला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीचा थर कोरडा घासू नका, मशीनने तर नकोच. पाण्याचा पेपर वापरून ओला घासा, चोथा कागदात गोळा करा आणि लहान मुलं व गरोदर बाईला त्या दिवसांत दुसरीकडे ठेवा. सराफ बाजाराच्या आसपासच्या वाड्यांत दारावर पिढ्यान् पिढ्यांचे थर आहेत, तिथे हे विसरू नका.

लांबी, म्हणजे फटी-खड्डे बुजवायचा लगदा. भिंतीची पांढऱ्या सिमेंटची पुट्टी लाकडाला लावू नका. रंगारी लावतात, कारण पोतं तिथेच उघडं पडलेलं असतं. सिमेंट ताठ, लाकूड हलतं. दोन ऋतूंत पापुद्रे. लाकडाला तेलाची लांबी, तीही प्रायमरनंतर, कारण कोरडं लाकूड लांबीतलं तेल शोषून घेतं आणि ती भुसभुशीत होते. पॅनेलच्या दारात पॅनेलभोवतीच्या खाचेत लांबी अजिबात भरू नका. पॅनेल तिथे मोकळं सरकायला हवं, अडकवलं तर चिरतं. चौकट आणि भिंत यांमधल्या बारीक फटीला ॲक्रिलिक सीलंट. सिलिकॉनवर रंग बसत नाही.

चीडच्या लाकडात गाठी असतील तर त्यांवर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचे, म्हणजे लाखेचे, दोन हात द्या, नाहीतर पांढऱ्या रंगातून राळेचे पिवळे डाग वर येतात. आणि कोणी बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, लावत असेल तर तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापून पेटतात. पाण्यात बुडवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा.

ऋतू. दिवाळीआधी रंग लावायची आपली रीत भिंतीला ठीक आहे. लाकूड मात्र तेव्हा पावसाळ्याचा ओलावा पोटात घेऊन बसलेलं असतं. वरून रंगाने तोंड बांधलं की फोड येतात, आणि पॅनेल फुगलेलं असताना रंगवलं तर थंडीत ते आखडून कडेला कोऱ्या लाकडाची रेघ उघडी पडते. नाशिकला फेब्रुवारी-मार्च उत्तम. 2027 च्या सिंहस्थाला पाहुणे येणार म्हणून घरं काढणाऱ्यांनी लाकूडकाम त्या वर्षीच्या मार्चअखेर उरकावं.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे छापलेला विषय आत्ता.

ऑइल पेंट, म्हणजे सिंथेटिक इनॅमल: पसरतो छान, ब्रशचे ओरखडे स्वतःच बुजवतो, कठीण होतो. तोटे: वास, दुसऱ्या हाताला एक रात्र थांबणं, आणि पांढरा रंग अंधारात पिवळा पडतो. कपाटाच्या आत, पडद्यामागे, बंद खोलीत तो आधी पिवळतो, उन्हात नाही. पातळ करायला टर्पेंटाइन, डब्यावर लिहिलंय तेवढंच. रॉकेल घातलं की वाळायला उशीर आणि चमक मेलेली. पाण्याचा इनॅमल: वास कमी, तीन-चार तासांत दुसरा हात, पांढरा पांढराच राहतो. तोटे: लवकर वाळतो म्हणून एप्रिलच्या दुपारी ब्रश ओढतो, सकाळी लावा. वरून वाळलेला दिसला तरी आतून घट्ट व्हायला आठवडा लागतो. तोवर दार दाबून लावलं तर चौकटीला चिकटतं आणि उघडताना साल निघते. कोऱ्या सागावर पांढरा लावला तर लाकडाचा तांबूस डाग वर येतो, आधी चपडा किंवा तेलाचा प्रायमर लागतो.

माझं मत: बेडरूम, मुलांची खोली, कपाटं आणि पांढऱ्या रंगाची सगळी दारं पाण्याच्या रंगाने. कठडा आणि मुख्य दाराची चौकट ऑइलने. बाथरूमच्या दाराला कोणताही चालेल, तळ रंगवलेला असला म्हणजे झालं.

जुना रंग कोणता ते कळत नसेल तर चिंधीवर स्पिरिट घेऊन चोळा. मऊ पडून चिंधीला लागला तर पाण्याचा, ढिम्म राहिला तर ऑइलचा. जुन्या चकचकीत ऑइलवर पाण्याचा रंग थेट लावलात तर नखाने सोलला जाईल. चकाकी पूर्ण मरेपर्यंत घासा आणि त्यावर धरणारा प्रायमर द्या.

प्रमाण: एका लिटरमध्ये एका हाताला 10 ते 12 चौरस मीटर. चौकटीसकट एका दाराला दोन हात, म्हणजे साधारण एक लिटर धरा. क्रम: आधी पॅनेल, मग आडव्या पट्ट्या, मग उभ्या, शेवटी कडा. पट्टीच्या नक्षीला दीड इंची ब्रश, सपाट भागाला अडीच इंची. मास्किंग टेप रंग ओला असतानाच तिरका ओढून काढा. दोन खोल्यांचे रंग वेगळे असतील तर दार ज्या खोलीत उघडतं तिचा रंग कुलपाच्या कडेला, बिजागरीच्या कडेला पलीकडच्या खोलीचा. माथ्याला कोणताही. तिथे पोपटी लावलात तरी माझी हरकत नाही, पण लावा.

अध्यक्ष उभे राहिलेत. मोल्डिंग पट्टीच्या कोपऱ्यातल्या फटीचं राहिलं, ते चहाच्या टेबलापाशी विचारा.