कोऱ्या पानावरची सही

नमस्कार श्रोतेहो.

'ब्रसुद्धा काढायचा नाही,' असं आपल्याकडे बाईला बजावतात. कविता महाजन यांनी २००५ साली आलेल्या आपल्या पहिल्या कादंबरीला नेमकं तेच अक्षर नाव म्हणून दिलं, 'ब्र'.

तिच्यातली प्रफुल्ला मोडलेल्या संसारातून बाहेर पडते, एका संस्थेचं काम धरते आणि पंचायतीत निवडून आलेल्या आदिवासी बायांना भेटत पाड्यापाड्यांवर हिंडते. ७३व्या घटनादुरुस्तीनं १९९३पासून पंचायतीत बायांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्रात २०११मध्ये त्या निम्म्या झाल्या. पण खुर्चीवर बसतं कोण, हे सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना मी काय सांगावं!

महाजन कुठल्याच बाईची 'बिचारी' करत नाहीत, म्हणून मला त्या फार मोठ्या वाटतात. त्यांच्या बाया घाबरतात, चिडतात, चुकतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला लागतात. या बायांचं ऐकता ऐकता प्रफुल्लाला स्वतःच्या दुःखाकडेही नीट बघता येतं. मधे मधे माहितीचा भार होतो, हे खरं. तरी ती पानं मी कधी गाळली नाहीत. २००७ची 'भिन्न' एचआयव्हीबद्दल आहे. नवऱ्याकडून घरात आलेल्या आजारासाठी बोट बाईकडेच दाखवलं जातं. ती वाचताना मला दोनदा पुस्तक मिटून अंगणात जावं लागलं.

माझी काकू चोपड्याकडची. एकदा पंचायतीत निवडून आली होती. कापूस वेचून बोंडांच्या टोकांनी तिची बोटं कायम ओरखडलेली असायची. कुणी पंचायतीचं काही विचारलं की म्हणायची, "मले काय कयते, त्याइले इचारा." घरात सगळे हसायचे. मीही हसले आहे, त्याची आज लाज वाटते.

गेल्या उन्हाळ्यात ओसरीवर मी तिला 'ब्र'मधली काही पानं वाचून दाखवली. ती शेंगा फोडत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "हे बाई आपल्याकडची का वं?" म्हटलं, नाही, नांदेडची. २०१८ साली गेल्या त्या.

काकूनं सुपातली टरफलं पाखडली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "कोऱ्या पानावर सही घेतली होती माही. तीन खेपा."